भिंती सोडून काहीही

१२ जानेवारी, रविवार

चि. भोंग्यास,

थोरल्याने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. जागा सोडली आहे. पुढे बघू.

हे पत्र नोटीस समज. पाठीत वार करायची कला आपल्या घरात धाकट्याला आली, मला नाही. मी सांगून वार करतो. तर सांगतो. उन्हाळा संपायच्या आत आमच्या कंपनीच्या झाडून सगळ्या लिफ्टमधून मी तुझा आवाज काढणार आहे. माझ्या हाताने, पॅनेलचे स्क्रू सोडवून, तुझ्या आवाजाचं कार्ड उपसून. आणि तिथे माझा बसवणार आहे.

तुला वाटेल, दादाला इतक्या वर्षांनी हे काय सुचलं. तू आवाज दिलास आणि दुसऱ्या शहरात निघून गेलास. मी इथे लिफ्टचा मेकॅनिक. सकाळी पहिल्या इमारतीत शिरलो की तू सुरू होतोस. "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा." राहतो. "दरवाजा बंद होत आहे." बरं, होऊ दे. तपासणीसाठी मी स्वतः वजनं भरतो, आणि तू मला सांगतोस, "वजन जास्त झाले आहे, कृपया एका व्यक्तीने बाहेर यावे." आत माणूस म्हणून मी एकटा. म्हणजे कोणी बाहेर व्हायचं? संध्याकाळी घरी यावं तर आपल्या इमारतीतही तूच. "चौथा मजला." माझ्या घराचा पत्ता मला तू सांगणार!

तुझा आवाज कसा निवडला गेला ते मी विसरलेलो नाही. कंपनीच्या लिफ्ट बोलत्या करायच्या ठरल्या तेव्हा सगळ्यात आधी नमुना मी तयार केला. हॉलमध्ये बसून, सगळे मजले ओळीने. तू तेव्हा जाहिरातींना आवाज द्यायचास. तुला यातलं कळतं असा माझा समज होता, म्हणून तुला ऐकवला. तू पाय हलवत ऐकलंस आणि म्हणालास, "दादा, तुझ्यापेक्षा तुझ्या भिंतीच जास्त बोलतात." तुझी वहिनी हसली. आई हसली. मीही हसलो, कारण हसू आल्यासारखं दाखवणं भाग होतं. मग साहेबांनी सांगितलं की आवाज ठरला, आणि तो माझ्या भावाचा. तू नमुना दिल्याचं घरात कोणी माझ्या कानावर घातलं नव्हतं. "मित्राच्या मोठ्या स्टुडिओत केला रे, सहज," तू म्हणालास. सहज! मी म्हणायचो ना, माझ्याशिवाय या शहरात एक लिफ्ट वर जात नाही? ते वाक्य त्या दिवसापासून मी बंद केलं.

तू सामान घेऊन निघालास तेव्हा आपल्या लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी होती. लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं. हे आज लेखी देतो. तुझ्या बॅगा आणि तो पुस्तकांचा खोका जिन्यावरून उतरताना प्रत्येक वळणावर आपटला, ते मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसून ऐकलं.

आता कंपनी नवी पॅनेलं बसवते आहे. साहेब म्हणाले, "आवाज जुनाच चालवू. याहून चांगला कोणाकडे असेल तर मार्चअखेर आणून द्या." मी म्हटलं, आणतो. घरातच रेकॉर्डिंगची जुळणी करतोय. शिकवायला कोणी नाही, आणि नकोच. मोटर बांधायला तरी मला कोणी शिकवलं होतं?

तुझा थोरला भाऊ
(नाइलाजाने)


१९ जानेवारी, रविवार

चि. भोंग्यास,

शत्रूला आपली तयारी सांगू नये म्हणतात. मी सांगतो, कारण तू काही करू शकणार नाहीस.

सध्या माझ्याकडे आहे ते असं : कॉम्प्युटरला सरळ जोडायचा एक साधा माइक, मोबाइलच्या खोक्यात फुकट आलेले इअरफोन, तुझ्या पुतणीने टाकून दिलेला कॉम्प्युटर, आणि हॉल. एका वेळी एकच वस्तू बदलता येईल, एवढीच ऐपत. तेव्हा प्रश्न एकच, आधी काय?

बाजारात एक माइकवाला आहे. वयाने लहान, पण माल विकायची घाई नसलेला. मी त्याला माझं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"काका, हॉलमध्ये केलंत का?"

"का?"

"फरशी, उघड्या भिंती, काचेचं कपाट. सगळं ऐकू येतं. माझं ऐका, आत्ता काही घेऊ नका. आधी भिंतींचं बघा."

मी काउंटरवर हात टेकले. म्हटलं, "भिंती सोडून काहीही बोला."

"अहो, पण भिंतीच..."

"भिंतींचं नाव काढलंत तर मी समोरच्या दुकानात जाईन."

तुला कळलं असेलच. भिंती आधी सुधारायच्या म्हणजे तू पाय हलवत बोललास ते खरं होतं असं कबूल करायचं. त्यापेक्षा मी मुका झालेला बरा.

मग त्याने एक मोठा माइक काढला. त्यासोबत एक छोटी पेटी लागते, माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी. ती त्याने जुनी, वापरलेली, पण चांगल्यातली दिली. माइक गुंडाळताना म्हणाला, "एक सांगून ठेवतो काका. चांगला माइक म्हणजे चुगलखोर शेजारी. जे आहे ते सगळं बाहेर सांगतो. नुसतं तुमचं नाही, घरातलंही."

मी म्हटलं, माझ्या घरात लपवण्यासारखं काही नाही.

माइक आला आहे. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली आहे की मी बसलो की कोणी हलायचं नाही. आई म्हणाली, "मग श्वास पण आलटून-पालटून घेऊ का?" तिचं हे बोलणं तुझ्याकडून आलंय. आधी अशी नव्हती.

तुझा दादा


९ फेब्रुवारी, रविवार

भोंग्या,

आई रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते हे मला ठाऊक आहे. तिच्या तोंडून मीठमसाला लावून कळण्याआधी झालं ते मी स्वतः सांगतो.

मोठ्या माइकवर सगळे मजले केले. इअरफोन लावून तपासले. आवाज काय भरदार! छाती भरून आली. मग विचार केला, साहेबांना देण्याआधी खऱ्या लिफ्टमध्ये ऐकावा. शुक्रवारी संध्याकाळी आपल्या इमारतीच्या लिफ्टमधलं तुझं कार्ड काढून माझं घातलं, गच्चीपर्यंत एक फेरी मारली. उत्तम. शनिवारी सकाळी मी ड्यूटीवर गेलो.

आता ऐक. थंडीमुळे शनिवारी सकाळी कोणीतरी लिफ्टमधला पंखा बंद केला. पंखा चालू असताना जे झाकलं जातं ते पंखा बंद झाल्यावर उघडं पडतं, हे मेकॅनिक असून मी ध्यानात घेतलं नाही. दिवसभर, चौथ्या मजल्यावर जो जो उतरला त्याला माझ्या आवाजात "चौथा मजला" आणि पाठोपाठ, लांबून पण खणखणीत, तुझ्या वहिनीच्या आवाजात, "अहो, दूध! गेलं, गेलं, उतू गेलं!"

संध्याकाळी परत आलो तर सोसायटीचे सेक्रेटरी फाटकातच उभे. "काय मेकॅनिकसाहेब, चौथ्या मजल्यावर दूध सांभाळा जरा. पहिल्या मजल्यापर्यंत ओघळ आलाय." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, त्या मुद्दाम एक मजला वर जाऊन आल्या, ऐकायला. तुझ्या वहिनीला वाईट वाटेल म्हटलं, तर ती म्हणते, "निदान माझं तरी सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं. तुमच्यापेक्षा मीच बरी. मलाच बसवा लिफ्टमध्ये."

तुझं कार्ड परत घालावं लागलं. घालताना तू म्हणालास, "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा." एवढ्या मिजाशीत तू पूर्वी कधी बोलला नव्हतास.

चूक माझी नाही. माइकने ऐकलं होतं. इअरफोनने मला सांगितलं नाही. ते फुकटचे इअरफोन सगळंच घुमवून गोड करतात, भाटासारखे. माइकवाल्याकडे गेलो. तो हसला नाही, यासाठी मी त्याला मानतो. म्हणाला, "काका, आता तरी भिंती..."

"हेडफोन दाखवा."

त्याने कान पूर्ण झाकणारे, दिसायला अगदी भिकार असे हेडफोन काढले. "हे खोटं बोलत नाहीत. सवय नसली तर राग येतो."

मला राग यायची सवय आहे, मी म्हटलं.

दादा


२३ फेब्रुवारी, रविवार

सापडलास.

आज आशीर्वादाची जागासुद्धा सोडलेली नाही. नीट वाच आणि मग आरशासमोर उभा राहून बघ, कसा दिसतोस ते.

नवे हेडफोन लावून आधी माझं ऐकलं. माइकवाला खरं बोलला, राग आला. फ्रिज घुरघुरतो, नळ ठिबकतो, माझा प्रत्येक शब्द समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडे येतो, कोणी वेडावून दाखवावं तसा. ऐकवेना. म्हटलं, शत्रूची ताकद मोजू. तुझ्या मूळ फाइली कंपनीने मला कधीच दिल्या आहेत, कार्ड भरायला. त्या लावल्या.

स्वच्छ आहेत. मोठ्या मनाने सांगतो, स्वच्छ आहेत. तळमजला, पहिला, दुसरा, कुठे भिंत नाही, फरशी नाही, तू जणू कापसात बसून बोलतो आहेस. मित्राचा मोठा स्टुडिओ, मनात म्हटलं. पाचवा झाला. "सहावा मजला." आणि त्याच्या शेपटीला, तू बोलायचा थांबल्यावर, फाइल संपायच्या आधी, टिक्. जराशाने पुन्हा टिक्.

मी हेडफोन काढले, पुसले, परत लावले. आवाज वाढवला. खर्र खर्र, टिक्. खर्र खर्र, टिक्.

भोंग्या, तो आवाज जगात एकाच ठिकाणी होतो. आईच्या शिवणयंत्राचा चामडी पट्टा तुटला होता तेव्हा मी तो जोडून दिला. बाजारात मिळते ती पिन मला पसंत नव्हती, म्हणून मोटरच्या गुंडाळीतली तांब्याची तार दुहेरी पिळून घातली. जोड पक्का झाला, आजतागायत सुटलेला नाही, पण चाकावरून जाताना दर फेऱ्याला टिक् करतो. आई तेव्हा म्हणाली होती, "हे काय, मशीन आहे की घड्याळ?" माझ्या हातचा जोड मी कुठेही ओळखीन. मोठा स्टुडिओ! तू माझ्या घरात बसून तो नमुना केलास. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे.

आणि एवढ्यावर थांबत नाही. यंत्र एकदम थांबतं. मग एक पुरुष काहीतरी कुरकुरतो. शब्द कळत नाहीत, फाइल तिथे संपते. मी तुझ्या वहिनीला बोलावलं, हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. "हा कोण आहे, ओळख."

तिने एकदाच ऐकलं. "यात ओळखायचं काय? जेवताना असं कुरकुरणारा या घरात दुसरा कोण आहे?"

म्हणजे तू मला फसवत होतास त्या क्षणी मी घरात जेवत होतो.

उत्तर आईकडून घेतो. मग तुझ्याकडे वळतो.


२४ फेब्रुवारी, सोमवार

आईला विचारलं. कामावर जायच्या आधीच विचारलं, चहासुद्धा घेतला नाही.

ती शिवत होती. तू गेल्यानंतर तिचं काम वाढलंय, गाद्या-उशांच्या खोळी शिवायला लोक लांबून येतात. पाय न थांबवता म्हणाली, "हो, इथेच केलं त्याने. गाद्यांच्या खोलीत."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे? त्याच्या मित्राने आयत्या वेळी नाही म्हटलं. तोंड एवढंसं करून आला. म्हटलं, मागच्या खोलीत गाद्या रचल्यात, त्यात घुसून बस, कोणाला ऐकू जाणार नाही. तेवढ्यात तू जेवायला आलास. अवेळी. मी आपली मशीन चालवत बसले, म्हणजे तुला त्याचं ऐकू येऊ नये."

"आणि मी म्हटलं, मशीन थांबव?"

"म्हटलंस ना. 'जेवताना तरी ती खडखड थांबव, आई.' थांबवली. तो आत चूप बसला. तू हात धुतलेस, गेलास. परत सुरू."

मी म्हटलं, "कंपनीने माझा नमुना घेतला नाही, ते चाललं असतं, पण तू त्याच्या बाजूने उभी राहिलीस."

मग तिने पाय थांबवला. "मी कोणाच्या बाजूने नाही. तो जागा मागायला आला, मी दिली. तू मागितली असतीस तर तुला दिली असती. तू हॉलमध्ये छाती काढून बसायचास आणि भिंतींना दरडावायचास. तुला कोण सांगणार, बाबा?"

मी डबा न घेता बाहेर पडलो. लिफ्टमध्ये शिरलो. तू म्हणालास, "दरवाजा बंद होत आहे." पहिल्यांदाच तुला मोठ्याने शिवी दिली. सेक्रेटरी आत उभे होते.


९ मार्च, रविवार

भोंग्या,

गेले काही दिवस मी आईशी बोलत नाही. गरज पडली तर तुझ्या वहिनीच्या मार्फत. "आईला विचार, मीठ कुठे आहे." आई समोर बसलेली. "त्याला सांग, त्याच्या हाताशी आहे." हे असं चाललंय. तुझी वहिनी म्हणते, तिलाही आता एक कार्ड घाला, बटण दाबलं की बोलेल.

पण माझा एक प्रश्न सुटत नव्हता. तुझे कान तयार आहेत. माझ्या भिंती तुला पहिल्या वाक्यात ऐकू आल्या. मग पट्ट्याचं टिक् आणि माझी कुरकुर तुला ऐकू आली नसेल यावर मी विश्वास ठेवत नाही. कात्रीचा एक घाव, शेपूट तुटली असती. बाकी प्रत्येक मजला तू नीट कापला आहेस, मी तपासलंय. फक्त सहावा नाही. तिथे शेपूट ठेवलेली आहे. हा निष्काळजीपणा नाही. हे काम आहे.

मी आईला विचारायला सांगितलं नव्हतं. तिने आज आपल्याआपणच तुला फोनवर विचारलं आणि मोठ्याने, हॉलभर ऐकू जाईल असं, तुझं उत्तर माझ्या दिशेने म्हणून दाखवलं. "म्हणतोय, सापडलं का एकदाचं? म्हणतोय, मला वाटलं होतं दादा पहिल्या आठवड्यातच शिव्या द्यायला फोन करेल."

मी पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही.

"म्हणतोय, दादाच म्हणायचा ना, त्याच्याशिवाय या शहरात एक लिफ्ट वर जात नाही? म्हणून ठेवला त्याला. म्हटलं, जाऊ दे तोही लिफ्टबरोबर वर."

हा टोमणा होता की आणखी काही, हे मी ठरवू शकलेलो नाही. टोमणाच धरतो. टोमण्याला काय करायचं ते मला येतं.

एक मात्र झालं. आधी काय बदलायचं, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. लोक माइकपासून सुरुवात करतात. माइकवाला भिंतींपासून करायला सांगतो. दोन्ही चूक. आधी कान. आपण काय करतोय हेच ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हाती कितीही महागडा माइक दिला तरी तो आपलं दूधच लोकांना ऐकवणार. मी ते हेडफोन तू गेलास त्याच वर्षी घेतले असते तर

हे वाक्य इथेच राहू दे. मला दुसरं काम आहे. मार्चअखेर जवळ आली.

दादा


३० मार्च, रविवार

चि. भोंग्यास,

भिंती मी सुधारल्या नाहीत, हे आधीच नोंदवून ठेवतो. मी फक्त खोली बदलली.

आज दुपारी आईसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "गाद्यांची खोली हवी आहे."

ती चष्म्यावरून बघत राहिली. "कोणाला?"

"मला."

"मागतोयस?"

"मागतोय."

"मग घे की. एवढ्यासाठी कोणी महिनाभर तोंड फुगवतं?"

गाद्या तिने आधीच दोन्ही बाजूंनी रचून ठेवल्या होत्या, मध्ये एक माणूस आणि एक माइक मावेल एवढी जागा. कधी रचल्या, विचारलं नाही. आत बसलो. दार लावलं. पहिल्यांदा 'तळमजला' म्हटलं आणि दचकलो. शब्द तोंडातून गेला आणि परत आलाच नाही. कोणी वेडावलं नाही. हेडफोनमध्ये नुसता मी होतो. इतका एकटा मी मशीनरूममध्येही कधी नसतो. तुला त्या दिवशी असंच वाटलं असेल, आणि बाहेर मी जेवत होतो.

सगळे मजले केले. घोटून केले. तुझ्यापेक्षा चांगले झाले. 'दरवाजा'मधला 'र' तू खातोस. मी खाल्लेला नाही.

मग एक मजला राहिला तेव्हा बाहेर येऊन आईला म्हटलं, "जरा मशीन चालव."

"आता कोणापासून काय लपवायचंय?"

"काही नाही. तू चालव."

बाकी त्या मजल्यात आणखी काय आहे ते तुला सांगणार नाही.

उद्या साहेबांना देतो. यानंतर तुझी गच्छंती. आईला निरोप द्यायचा असेल तर आत्ताच दे, नंतर लिफ्टमधून देता येणार नाही.

दादा


४ मे, रविवार

चि. भोंग्यास,

मी जिंकलो.

साहेबांनी माझा आवाज ऐकला, मान डोलावली, म्हणाले, "छान. भावाकडून पुन्हा करून आणलास वाटतं? आता एकदम साफ आहे."

"साहेब, हा माझा आवाज आहे."

"असं? मला तोच वाटला. ठीक, हाच घेऊ."

मी हे मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. इमारतीमागून इमारत. पॅनेल उघडायचं, तुला उपसायचं, मला बसवायचं. खोटं कशाला बोलू, मजा आली. दर वेळी बटण दाबून "कृपया दरवाजापासून दूर उभे राहा" ऐकायचो आणि मुद्दाम दरवाजाला चिकटून उभा राहायचो. स्वतःचं कोण ऐकतं!

आपली इमारत शेवटी ठेवली होती. सगळ्यांना कळावं म्हणून रविवारी सकाळी केली. सेक्रेटरी आले, तळापासून वरपर्यंत माझ्याबरोबर फिरले. मी वाट बघत होतो. म्हटलं, "काही फरक?"

"कशात?"

"आवाजात."

"आवाज बदलला? अहो, तोच तर आहे." आणि मग, खांद्यावर हात ठेवून, "पण बरं केलंत. दूध गेलं."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, वॉचमन, पाणी सोडणारा, सगळ्यांना विचारलं. तोच. तोच आहे ना? तोच. तुझ्या वहिनीला विचारायला नको होतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच आईची पोरं. घसा वेगळा कुठून आणणार?"

आता तूच सांग, मी काय करायचं? मी या शहरातून तुला मुळासकट उपटून काढला आणि एकाही माणसाला पत्ता लागला नाही. आपल्या दोघांतला फरक ऐकू येईल असे कान जगात फक्त तुझे आहेत. म्हणजे माझ्या सुडाला प्रेक्षक एकच, आणि तो दुसऱ्या शहरात बसलाय.

तेव्हा तुला यावं लागेल. आल्याशिवाय सूड पुरा होत नाही. फाइल मी पाठवणार नाही, मागू नकोस, लिफ्टमध्येच ऐकायचं. तळमजल्यापासून मी तुला हुकूम सोडीन. दूर उभा राहा. दरवाजा बंद होतोय. आणि चौथा मजला आला की चौथा मजला आला असं तुला मी सांगीन. तू मुकाट ऐकायचंस. मी इतकी वर्षं ऐकलं.

एका मजल्याला मीही शेपूट ठेवली आहे. आईचं मशीन आहे. मागे आणखी एक गोष्ट आहे, जी मला समोरासमोर बोलता आली नसती आणि पत्रातही लिहिता येत नाही. कुठल्या मजल्याला, ते तू शोध. लिफ्टच्या स्पीकरवर ती कळणार नाही, पण पॅनेलच्या आत हेडफोन लावायची जागा आहे. माझे घे, ते खोटं बोलत नाहीत. पॅनेलची चावी माझ्याकडे असते, म्हणून आधी घरी ये.

सामान कितीही आण. या वेळी लिफ्ट चालू असेल. उकाडा फार आहे, पण पंखा मी बंद ठेवीन.

वर जी जागा पहिल्या पत्रात सोडली होती, तिथे आशीर्वाद लिहिले आहेत असं समज.

दादा